तो आवाज कुणाचा

धाकटी: ...आणि शेवटच्या पानावर काय, तर ती मुलगी उठून खिडकी उघडते. बस्स! अंगात भूत होतं की आजार होता, लेखक सांगतच नाही. पुस्तक भिंतीवर फेकणार होते मी, ताई.

ताई: मग फेकायचंस. इथं कशाला आणलंस? आणि ऊठ त्या पडद्यावरून, टीप मारायचीय मला.

धाकटी: तू वाचावंस म्हणून आणलं.

ताई: वाचलंय मी. लायब्ररीवाल्यानं आपणहून हातात ठेवलं. म्हणाला, ‘झोप उडेल तुमची.’ मला मेलीला छान झोप लागली.

धाकटी: चेष्टा नको गं. वाचताना सारखी तूच दिसत होतीस. सोळा वर्षांची. आई जाऊन महिनाही झाला नव्हता. मी शेजारच्या काकूंकडे, आणि भिंतीपलीकडून तुझा तो घोगरा आवाज.

ताई: त्यातला डॉक्टर आवडला मला. त्याचंच बरोबर असावं असं वाटत राहतं. पण त्या मुलीनं जे पाहिलेलंच नसतं ते तिला कसं कळतं, तिथं घोडं अडतं.

धाकटी: ऐकलं असेल कुणाकडून! मला तर त्या बापाचा राग आला. शिकलासवरलेला माणूस, आणि मांत्रिकाला घरात घेतो. अगदी आपले बाबा! जन्मभर औषधांचं दुकान चालवलं, गिऱ्हाइकांना ‘दुखणं अंगावर काढू नका’ म्हणून दटावलं, आणि स्वतःच्या मुलीसमोर धूर केला.

ताई: आधी डॉक्टरच आणला होता.

धाकटी: काय?

ताई: आधी डॉक्टर आला. तुला आठवत नसेल, लहान होतीस. बरं, त्या आवाजात मी काय बोलले ते ठाऊक आहे तुला?

धाकटी: नाही. काकूंनी माझे कान झाकले होते.

ताई: ‘तिला तू मारलंस. ती छातीत दुखतंय म्हणत होती, आणि तू पित्ताची गोळी देऊन झोपवलीस.’ बाबांना म्हणाले. अरेतुरे करून.

धाकटी: खरं होतं ते?

ताई: गोळी दिली होती. पित्तच वाटलं त्यांना. आईलाही तसंच वाटलं असेल.

धाकटी: पण तुला कसं कळलं? आई गेली त्या रात्री तू तर शाळेच्या सहलीला होतीस. आणि मी झोपले होते.

ताई: तेच तर.

धाकटी: कुणीतरी बोललं असेल, ताई. तुझ्या कानावर पडलं असेल.

ताई: असेलही. डॉक्टर म्हणाला, मुलीला धक्का बसलाय, मनात साठलेलं बाहेर येतंय. बाबांनी मान डोलावली, त्याला जिन्यापर्यंत सोडलं. आणि दुसऱ्या दिवशी मांत्रिक आणला.

धाकटी: म्हणजे भूत असतं तर...

ताई: भूत खोटं बोलू शकतं. पोटची पोर कशाला खोटं बोलेल?

धाकटी: मला का नाही सांगितलंस गं? माझ्या लग्नात, चारचौघांत अडाणी म्हणाले मी त्यांना. त्यानंतर धड बोललेसुद्धा नाही. अजून तुझ्या त्या आवाजाबद्दल ‘ती आमची पोर नव्हतीच, भूत होतं’ असं म्हणतात, म्हणून ते तुझ्याकडे राहायला आल्यापासून मी इथं यायचंही टाळलं.

ताई: त्यांनीच शपथ घातली होती. म्हणाले, ‘तिला मी अडाणी वाटलो तरी चालेल. दुसरं काही वाटायला नको.’

धाकटी: आणि तुला? तुला आतून काय होत होतं? कुणी कधी विचारलंच नाही.

ताई: सगळं ऐकू येत होतं. थांबवता येत नव्हतं. त्याला नाव काय द्यायचं, ते मलाही कळलेलं नाही.

(दार लोटून बाबा आत येतात. हातात भाजीची पिशवी.)

बाबा: अगं, चपला कुणाच्या बाहेर? ...तू? कधी आलीस?

धाकटी: मघाशीच. आधी बसा, बाबा. किती दम लागलाय तुम्हाला.

बाबा: जिना हल्ली माझ्याशी भांडतो. हे काय, कॉलेजात शिकवायचं पुस्तक का?

धाकटी: नाही, कादंबरी आहे. एका मुलीच्या अंगात... म्हणजे, तिला काय होतंय ते घरात कुणालाच कळत नाही.

बाबा: अस्सं.

ताई: पाणी आणू का, बाबा?

बाबा: थांब गं, तिला सांगू दे. मग? शेवटी काय निघालं?

धाकटी: भूतच होतं, बाबा.