तेहतीस अनारसे आणि बिनतुपाची कढई

मंडळी, आज जे सांगतो त्यावर तुमच्यातल्या एकाचाही विश्वास बसायचा नाही. लावा पैज! माझाच अजून बसत नाही! पण आधी सांगा — तुपाच्या नावाखाली तेल वाढलं, तर पाप कोणाचं? तळणाऱ्याचं, की मिटक्या मारणाऱ्याचं? उगाच माना हलवू नका, मलाही ठाऊक नाही!

ऐका. आपल्याच गावची सगुणाबाई. दुष्काळाचं वर्ष, त्यात अधिक महिना! जावयाला तेहतीस अनारशांचं वाण द्यायलाच हवं. लेक चंपा माहेरी आलेली, आणि विहीणबाईंचा निरोप — "अनारसे साजूक तुपातलेच! नाहीतर पोरगी ठेवून घ्या तिकडेच!"

आता तूप कुठलं? गाई आटलेल्या. दुकानात वनस्पती तुपाचा डबासुद्धा पालथा!

एक शेजारीण म्हणते, "अगं, करडईचं तेल घे." दुसरी म्हणते, "छे! उग्र लागतं. खोबरेल घाल."

"खोबरेल? डोक्याचं?"

"मग? डोक्याला चालतं ते पोटाला चालत नाही होय?"

सगुणाबाई म्हणाली, "बायांनो, मी अनारसे तळू की न्हाऊ घालू?"

शेवटी दोन्ही ओतली! अनारसा सोडला — हसला! म्हणजे विरघळून कढईभर पसरला, हो. दुसरा सोडला — तोही हसला! इकडे चंपा रडतेय, तिकडे अनारसे हसतायत. आईला कळेना, आधी गप्प कुणाला करावं!

मग? डोळे मिटले, गोपाळकृष्णाचं नाव घेतलं, कढई रिकामी केली, आणि तिच्यात ओतलं — पाणी! विहिरीचं! आणि मंडळी, त्या पाण्याला साजूक तुपाचा घमघमाट! तेहतीसच्या तेहतीस, खरपूस, जाळीदार! मी स्वतः खिडकीतून पाहिलं!

भाव हवा, भाव! आणि तुम्ही? तुपाची बरणी फडताळात, आणि देवाच्या निरांजनात —

"बुवा, खोटं!"

कोण ते? खांबापाशी? अरे देवा — दामूअण्णा! सगुणाबाईंचे जावई आज इथंच?

"इथंच! पाणीबिणी काही नव्हतं. देवळातल्या समईचं तेल होतं ते. वातीची काजळी दाताखाली येत होती. तेहतीसच्या तेहतीस मी वाटेतच संपवले, माझ्या आईच्या जिभेला एक लागू दिला नाही. चंपाला घरी न्यायची होती मला!"