आधी नंबर, मग रंग

नाही नाही नाही, ते चित्र नाहीये! म्हणजे... अय्या, हे सांगायचं नाही असं ठरलं होतं. घरातल्या चौघांनी मिळून ठरवलं होतं, त्यात मीही होते, मीही मान हलवली होती. पण तुम्ही आलात गाडी बघायला, थांबलात भिंतीवरच्या या फ्रेमपाशी, आणि आत जाता जाता बाबा काय म्हणाले ऐकलंत ना? "ती आमच्या मुलीची लहानपणची चित्रकला!" लहानपणची! पाच महिन्यांपूर्वीची आहे ती! आणि पेन्सिलने काळे केलेले दोन कागदाचे तुकडे, त्यांवर पुसट आकडे, ही चित्रकला? अहो, मला चित्रकलेत बरे मार्क असतात! पण येणारा प्रत्येक जण फ्रेम बघतो, मग माझ्याकडे बघतो, मग 'असू दे हं बाळ' असं हसतो, आणि मी आपली गप्प. मला विचारलं कोणी?

तुम्ही विचारलंत. म्हणजे नुसत्या भुवया उंचावल्यात, पण मला तेवढं पुष्कळ झालं. सांगते. फक्त बाबा बाहेर आले की तुम्ही चाकांकडे बघायचं.

तर ही गाडी बाबांनी आणि काकाने घरी बांधलीय. म्हणजे सांगाडा आणि वरचं फायबरचं अंग खोक्यांतून आलं, त्याबरोबर एक पुस्तिका आली, आणि बाकीचं सगळं जुन्या गाड्यांतून काढून आणायचं होतं, इंजिन, चाकं, स्टिअरिंग, सगळं! मी पाचवीत होते तेव्हा खोकी आली आणि आता मी नववीत आहे. तुम्ही उभे आहात ना, ही आईची शिवणाची खोली. 'आठच दिवस गं' म्हणून बाबांनी तिचं मशीन बाहेर बोळात नेऊन ठेवलं, आणि ते आठ दिवस चार वर्षं चालले! आम्ही सगळे त्या बोळातून आडवे होऊन जायचो, खेकड्यासारखे. शेवटी आईने एक दिवस कात्री खाली ठेवली. आईने कात्री खाली ठेवली की घरात सगळे सरळ बसतात. म्हणाली, "सोळा तारखेला गाडी तपासणारे साहेब येणार आहेत ना? पास झाली तर मी पहिली बसेन तिच्यात. नाही झाली, तर ती जाईल जिथून आली तिथे, आणि माझं मशीन येईल माझ्या खोलीत." बाबा हसले. मग त्यांच्या लक्षात आलं की आई हसत नाहीये.

सोळा तारखेला राहिले होते बावीस दिवस, आणि पुढची चाकं अजून बसायची होती. आता पुढच्या चाकाला गाडीशी धरून ठेवणारा एक लोखंडी हात असतो, त्याला आर्म म्हणतात, एक डावा, एक उजवा. काका गेला जुन्या गाड्या फोडणाऱ्याकडे आणि दोन आर्म घेऊन आला. तो फोडणारा म्हणजे... त्याचं बोलणं कसं, सांगते, दाताखाली काडी धरून, "घ्या शेट, एकाच गाडीची जोडी आहे, डोळे मिटून घ्या!" आणि आमच्या काकाने खरंच डोळे मिटून घेतली हो! घरी येऊन म्हणतो, "दादा, जुळी भावंडं आहेत बघ, जुळी!" बाबा म्हणाले, "पुस्तिकेत नंबर दिलाय, जुळवून बघूया का? आणि खालून पट्टी मारायची असं काहीतरी लिहिलंय." काका म्हणाला, "पुस्तिका पळून जातेय का? आधी रंग देऊ, अंगात उत्साह आहे तोवर!"

आणि दिला रंग! काळा, चकचकीत, एकावर एक तीन थर. दोघं भाऊ बनियनवर बसून ब्रश मारतायत, शीळ घालतायत, एकमेकांच्या कामाचं कौतुक करतायत, "वा दादा, काय हात आहे तुझा!" "तुझाही वाईट नाही रे!" मी दारात उभी होते. एका आर्मला मधलं भोक गोल होतं आणि दुसऱ्याला लांबुळकं, अंड्यासारखं. मला दारातून दिसलं! जुळ्या भावंडांत एकाचं नाक गोल आणि दुसऱ्याचं लांब असतं का? सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात काका म्हणाला, "काय मुकी मैना, कसा दिसतोय रंग?" झालं. उघडलेलं तोंड मिटलं. मी आपली गप्प. रंगाचं विचारलं त्याने, भोकाचं मला विचारलं कोणी?

मग चाकं बसली, गाडी पहिल्यांदा स्वतःच्या पायांवर उभी राहिली, आई बोळातून आडवी येऊन बघायला आली, आणि म्हणाली, "हे उजवं चाक तिरकं का उभंय?" फक्त एवढंच. बाबांनी ओळंबा लावला. डावं चाक अगदी सरळ, आणि उजवं वरून आत कललेलं, जसं काही ते डाव्याला गुपित सांगतंय. काका म्हणाला, "फरशी वाकडी असेल." बाबांनी पाणसळ आणून फरशीवर ठेवली, बुडबुडा मधोमध. काका म्हणाला, "मग पाणसळ वाकडी असेल!" आई म्हणाली, "नाचता येईना, अंगण वाकडं हे ऐकून होते, आज बघायला मिळालं," आणि गेली मशीनवर. मशीन इतकं जोरात चालवलं तिने त्या दिवशी! आणि बाबा? त्या तिरक्या चाकासमोर बसून राहिले, गुडघ्यांवर हात ठेवून. चार वर्षांत मी बाबांना असं बसलेलं बघितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले ती दप्तरासकट इथे. नंबर आर्मवर ठोकलेला असणारच, पण तीन थरांच्या खाली बुजलेला, बोट फिरवलं तर नुसतं गुळगुळीत. मग मला आठवलं, लहानपणी नाण्यावर कागद ठेवून वरून पेन्सिल घासली की नाणं उमटायचं. तसंच! भूगोलाच्या वहीत नकाशे उतरवायचा पातळ कागद होता, तो फाडला, गाडीखाली उताणी झाले, आणि पेन्सिल आडवी धरून घासत राहिले, घासत राहिले, हलक्या हाताने, पेन्सिलीची पूड डोळ्यात पडतेय, आणि तुम्हाला सांगते, धुक्यातून माणूस यावा तसे आकडे आले! पुसट, पण आले. डाव्याच्या शेवटी चार. उजव्याच्या शेवटी नऊ. पुस्तिका उघडली. पुस्तिकेत चार! म्हणजे डावा बरोबर, आणि उजवा कुठल्यातरी दुसऱ्याच गाडीचा. पट्टीने मोजला, करंगळीच्या जाडीएवढा लांब होता तो डाव्यापेक्षा, मग चाक तिरकं नाही होणार तर काय होणार?

आता हे सांगायचं कसं? मी काय करणार, जेवताना दोन्ही कागद बाबांच्या ताटाशेजारी सरकवले आणि माझ्या ताटात बघत बसले. काका म्हणाला, "काय गं, प्रगतिपुस्तक का?" बाबांनी कागद उचलले. एक बघितला. दुसरा बघितला. त्यांचा घास तोंडातच थांबला. मग काकाकडे वळून अगदी हळू आवाजात म्हणाले, "जुळी भावंडं?"

रविवारी तिघंही गेलो त्या फोडणाऱ्याकडे. तो काडी चावत म्हणाला, "पोरीला काय कळतंय गाडीतलं? आर्म म्हणजे आर्म!" बाबा म्हणाले, "तिला काय कळतंय ते तीच दाखवेल," आणि मला पुढे केलं. तुम्हाला सांगते, त्या माणसाशी बोलायला मला नसतंच जमलं! पण आर्मचा ढीग काय, तो विचारत नाही ना काही. ग्रीसने माखलेले बेचाळीस आर्म, एकेक पुसायचा, कागद ठेवायचा, घासायचा. सदतिसाव्याला मिळाला चार! उजवा! मी तो नुसता वर धरला. काडी पडली त्याची तोंडातून.

पण एवढ्यावर भागतंय कुठे? वेल्डिंगवाल्या मावशींकडे गेलो, त्यांनी दोन्ही आर्म उलटे केले आणि म्हणाल्या, "हे खालून उघडे आहेत, पन्हळीसारखे. तुमच्या गाडीत स्प्रिंग मूळच्या जागी बसत नाही, सगळा भार इथे मध्यावर येतो. उघडे ठेवलेत तर खड्ड्यात वाकतील. खालून पट्टी मारून बंद करावे लागतील." पुस्तिकेत हेच होतं! सहाव्या पानावर! मग मावशींनी डाव्या आर्मवरून नख फिरवलं. "आणि हा एवढा प्रेमाने रंगवला कोणी?" दोघं भाऊ एकमेकांकडे बघायला लागले. "रंगावर वेल्डिंग धरत नाही. लोखंड दिसेपर्यंत खरवडून आणा."

दोन दिवस! ज्या हातांनी ब्रश मारला त्याच हातांनी तारेचा ब्रश मारत बसले दोघं, आणि शीळ? शीळ बंद.

मावशींनी मग काय काम केलं म्हणून सांगू! आधी दोन्ही आर्म जाड लोखंडी पाटावर बोल्टांनी आवळून टाकले, हलायला जागाच नाही. पट्टी ठेवली, आणि चार बोटं वेल्डिंग इकडे, चार बोटं तिकडे, मग थांबायचं, गार होऊ द्यायचं. काका म्हणाला, "मावशी, एका दमात ओढून टाका ना!" तोंडावरची काळी काच वर करून मावशी म्हणाल्या, "एका दमात ओढलं की लोखंड तापून वाकतं. तुमच्यासारखंच आहे ते, घाई केली की तिरकं." मी हसले हो! मोठ्याने! काकासुद्धा बघत राहिला, हिला आवाज आहे? आणि मी खडूने नंबराभोवती चौकोन आखून दिला. मावशींनी चौकोनाच्या आत एक ठिणगी जाऊ दिली नाही, आणि नंतर रंग दिला तोही चौकोन सोडून.

सोळा तारखेला साहेब आले. उंच, बारीक, हसू घरी ठेवून आलेले. टॉर्च घेऊन गाडीखाली गेले आणि तिथूनच विचारलं, "हे आर्म कुठल्या गाडीचे? आणि कशावरून?" बाबांनी तोंड उघडलं, त्यातून हवा आली. चार वर्षांची मेहनत, बोळातलं मशीन, दारात उभी असलेली आई... बाबा काकाकडे बघतायत, काका फरशीकडे बघतोय, आणि मी आपली गप्प... नव्हते हो! मलाच कळलं नाही, माझ्याच तोंडून आवाज येत होता! नंबर म्हटला, अख्खा, पाढ्यासारखा, गाडी सांगितली, पट्टी का मारली ते सांगितलं, भार कुठे येतो ते सांगितलं, आणि सदतिसाव्या आर्मचा कागद गाडीखाली सरकवला.

टॉर्च कागदावर गेला. मग नंबरवर गेला. मग परत कागदावर. मग साहेब बाहेर आले, गुडघे झटकले आणि बाबांना म्हणाले, "आधी नंबर टिपून घेतलात, पट्टी मारलीत, आणि मग रंग! लोक काय करतात माहितीय? आधी रंग फासून मोकळे होतात. तुमच्यासारखी शिस्तीची माणसं विरळा." आणि बाबा, आमचे बाबा, छाती पुढे काढून, "सवयच आहे साहेब, पहिल्यापासून!" काका जोराजोराने मान हलवतोय! आईला खोकला लागला, ती आत गेली. आणि मी...

पास झाली गाडी. आई पहिली बसली. गाडी भिंतीकडे सरकवली आणि मशीन त्याच दिवशी खोलीत आलं, ते बघा खिडकीपाशी. आणि ते पहिले दोन कागद, चार आणि नऊवाले, बाबांनी स्वतः फ्रेम केले, स्वतः पाणसळ लावून टांगले, मला म्हणाले, "हे रोज दिसलं पाहिजे मला. पण कुणाला सांगू नकोस हं." म्हणून ती चित्रकला! पण आता या घरात एक नियम झालाय, साधा खिळासुद्धा रंगवायचा असेल ना, तर मला विचारल्याशिवाय रंगाचा डबा कोणी उघडूच शकत नाही, बाबा नाही, काका नाही, कोणीही ना—

"अगं ए! जरा पेन्सिल आणि तो पातळ कागद घेऊन ये गं! मागच्या चाकांचे जुने आर्म बदलायला काकाने काय मस्त जोडी आणलीय बघ!"

आले, बाबा, आले!

...कुठला रंग दिलाय?