पाहुण्यांची भिंत

सरजाबाई : अजून जरा मागं सरक. पाठ भिंतीला टेकू दे.

रेणुका : पट्टा ओला आहे, आत्या. ड्रेसला रंग लागेल.

सरजाबाई : लागू दे, ड्रेस धुता येतो. महारुद्रा, आता सांग बरं. निळ्यावर कशी दिसायली?

महारुद्र : आत्याबाई, मी रंगारी माणूस. भिंत कशी दिसायली ते इचारा.

सरजाबाई : भिंत कुणाला दाखवायची हाय? रविवारी गंगाखेडचे पाहुणे माझ्या भाचीला बघायला येणार हायत. याच खोलीत, याच भिंतीपुढं तिला बसवायचं हाय. तुला काय दिसायलं ते सांग, लाजू नको.

महारुद्र : निळा गार रंग असतो. गोऱ्या माणसावर खुलतो. बाकीचं माणूस त्याच्यापुढं जरा दबतं.

सरजाबाई : दबतं म्हणं. काळी ठिक्कर दिसायली म्हण की सरळ.

रेणुका : मला ऐकू येतं, आत्या.

सरजाबाई : तुला ऐकू यावं म्हणूनच बोलायलेय. आता त्या दुसऱ्या पट्ट्यापुढं हो. कोणता म्हणलास रे हा?

महारुद्र : जर्दाळू. उबदार रंगातला हाय. पिवळा, अन् त्यात जरासा तांबडा.

सरजाबाई : बघ, लगेच उजळली. मान वर कर ग. गळा तेवढा काळा राहिला, त्याला पदर घेता येतो. धाकट्या निकिताचं बरं हाय, ती माझ्यावर गेली, गोरी. तिला कोणत्याबी भिंतीपुढं उभी करा. पाहुणे आले की धाकटीला मागच्या ओसरीत बसवून ठेव, पुढं फिरकू देऊ नको.

रेणुका : ही पश्चिमेची भिंत आहे. चार वाजल्यावर या खोलीत बसवत नाही, इतकी तापते. मी निळा म्हणाले ते त्यासाठी. निदान डोळ्यांना तरी गार वाटेल.

महारुद्र : ताई खरं बोलायल्यात. परभणीच्या उन्हात हा जर्दाळू अंगावर येतो.

सरजाबाई : पाहुण्यांना तासभर बसायचं हाय. हिला काय जन्मभर हितंच राहायचंय का? खिडकी लावून घेऊ, पडदा टाकू. ती पांढरी ट्यूब काढू अन् पिवळा बल्ब लावू.

रेणुका : विद्यापीठाच्या लॅबमध्ये आम्ही बियाणं बंद पेटीत ठेवतो उगवायला. तसं करताय माझं.

सरजाबाई : तुझं बियाणं उगवतं तरी. तू सव्वीसची झालीस, चार ठिकाणची माणसं येऊन, पोहे खाऊन गेली. मानवतची बाई काय म्हणली ते सांगू का याला?

रेणुका : नका सांगू.

सरजाबाई : म्हणली, पोरगी शिकलेली हाय, नोकरीवाली हाय, सगळं झकास हाय, फक्त एकदा धुवून घ्या. अन् हसली. तिच्यासंगं आलेले सगळे हसले. मी वरून तिला दुसऱ्यांदा चहा दिला.

महारुद्र : आत्याबाई, मी जरा पुट्टी कालवून येतो.

सरजाबाई : थांब, पुट्टी कुठं पळून जायली? हिची आई आमाला कशी दाखवली ठाऊक हाय का? दिवेलागणीला, चिमणीच्या उजेडात. माझा भाऊ माणिकराव येडा, म्हणला सोन्यावाणी हाय. मांडवात दिवसाउजेडी तोंड बघितलं, तवा कळालं. पण तवर अक्षता पडल्या व्हत्या. तिच्या माहेरच्यांना अक्कल व्हती, आमाला नव्हती. ती गेली, अन् रंग तेवढा मागं ठेवून गेली.

रेणुका : तुम्हाला नवऱ्यानं टाकल्यावर या घरात जागा माझ्या आईनंच दिली होती.

सरजाबाई : दिली की. म्हणून तर तिच्या पोरीला खपवायलेय. दुसरं कोण करायलंय तुझ्यासाठी? तुझा बाप? तो पेपर वाचतो. आता एक सांग. तुला तो गंगाखेडचा जीवन पायजे का न्हाई? फोनवर हसतीस ना त्याच्यासंगं?

रेणुका : पाहिजे.

सरजाबाई : मग झालं तर.

रेणुका : मी त्याला आधीच सांगितलंय, मी सावळी आहे म्हणून. तो म्हणाला, मला चालतं.

सरजाबाई : त्याला चालतं. पण त्या घरात त्याचं चालतं का? साखर कारखान्यात कारकून झाला म्हणून काय झालं, अंगातला शर्टसुद्धा आईला इचारून घालतो म्हणं. ती बघणार हाय तुला, तो न्हाई. अन् हे हातचं गेलं तर सेलूचा योगीराज हाय. बायको मेली, दोन लेकरं हायत. त्याला भिंत लागत न्हाई, भाकरी थापणारी लागती. बोल, कोणता लावायचा?

रेणुका : जर्दाळू.

सरजाबाई : मला काय सांगतीस? त्याला सांग.

रेणुका : महारुद्रकाका, जर्दाळू लावा.

महारुद्र : दोन हात पुरतील, ताई.

सरजाबाई : तीन मार.

[सोमवारची सकाळ. पाहुणे काल येऊन गेले. महारुद्र आपली शिडी न्यायला आला आहे. रेणुका खिडकीचा पडदा काढते आहे. त्यानं काही विचारू नये, शिडी उचलून निघून जावं, असं तिला वाटतं.]

महारुद्र : रंग चांगला धरलाय, ताई. काल काय झालं मग?

रेणुका : रंग आवडला त्यांना. जीवनची आई भिंतीवरून हात फिरवून म्हणाली, लय छान हाय, पण बघूनच उकडायलंय. खिडकी लावलेली, पडदा टाकलेला, वर तो बल्ब. दहा मिनिटांत घामानं निथळायला लागली. म्हणाली, चला, पोहे अंगणात खाऊ, वारं तरी लागंल.

महारुद्र : अन् अंगणात?

रेणुका : अंगणात चार वाजताचं ऊन होतं, काका.

महारुद्र : आत्याबाईंनी अडवलं न्हाई?

रेणुका : खूप अडवलं. पंखा वाढवते म्हणाल्या, उसाचा रस मागवते म्हणाल्या. तोवर ती बाई उठून बाहेर गेलीसुद्धा. मला म्हणाली, ये बाई अशी समोर बैस. मी बसले. तिनं माझ्याकडं एकदा बघितलं आणि दाराकडं बघितलं, मी आतली तीच आहे का दुसरी कुणी, असं.

महारुद्र : पोरगा काय म्हणला?

रेणुका : तो खुर्च्या मांडत होता. एकेक खुर्ची फार हळू मांडत होता. निकिता मागच्या ओसरीत बसली होती, ती ओसरी अंगणालाच लागून, त्यामुळं ती समोरच आली सगळ्यांच्या. त्यांनी तिलाच पाणी मागितलं. मग त्याच्या आईनं विचारलं, ही कोण?

सरजाबाई : महारुद्रा, बरा सापडलास. शिडी ठेव खाली. आत्ताच गंगाखेडचा फोन आला. येत्या रविवारी परत येणार हायत.

महारुद्र : म्हणजे जमलं म्हणा की.

सरजाबाई : जमलं. निकिताला मागायलेत.

महारुद्र : धाकट्या पोरासाठी का?

सरजाबाई : त्यांना धाकटा न्हाई. जीवनसाठीच.

रेणुका : त्याला विचारलं का कुणी?

सरजाबाई : फोन त्यानंच लावून दिला आईला. आता तोंड पाडून बसू नको, बहिणीचं चांगलं व्हायलंय. बुधवारी सेलूचे येतील. साधी साडी नेस, त्यांचं काही म्हणणं न्हाई.

रेणुका : बाबा काय म्हणाले?

सरजाबाई : काय म्हणणार? दाढी करायलाय.

महारुद्र : मग मी निघतो, आत्याबाई. भिंतीचं काम तर झालंय.

सरजाबाई : झालंय कसलं? या भट्टीत त्या बाईला परत बसवू का? दुसरा रंग लाव, रविवारच्या आत. कोणता ते हिला इचार, ती शिकलेली हाय.

महारुद्र : राहू द्या, ताई. मी माझ्या मनानं लावतो.

रेणुका : नको. निळा लावा.

महारुद्र : निळ्यात लय प्रकार हायत.

रेणुका : त्या दिवशी पट्टा मारला होता तोच. गोऱ्या माणसावर खुलतो म्हणाला होतात.