डावीकडची एकच वायर

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष, म्हणजे आपल्या दुकानाचे मालक, आपले साहेब. त्यांच्या शेजारी अवघडून बसलेले सत्कारमूर्ती, आज निवृत्त होणारे आपले भाऊ. पहिल्या रांगेत बसलेल्या वहिनी. विक्री आणि दुरुस्ती विभागातले माझे सहकारी. आणि चहा कधी येतो याकडे एक डोळा ठेवून बसलेले समस्त श्रोतेजनहो, सर्वांना माझा नमस्कार.

भाऊ, मी मुद्दाम तुमच्या डाव्या हाताला उभा आहे. गेल्या वर्षी तुमचा उजवा कान गेला, आणि आज मी जे बोलणार आहे ते सगळ्यात आधी तुम्हाला ऐकू यायला हवं. तुम्ही मला बोलू नको म्हणून बजावलं होतंत. पण बारा वर्षांत मी तुमचं कधी धड ऐकलंय, की आज ऐकीन?

बाहेरच्या पाहुण्यांसाठी सांगतो. आम्ही घरोघरी जाऊन गाणी ऐकायचे संच बसवतो. त्यात सबवूफर नावाची एक पेटी असते. खालचे, जाडे स्वर तेवढे तिच्यातून येतात. ही पेटी खोलीत कुठे ठेवायची हे भाऊ कसं ठरवायचे, ठाऊक आहे? पेटी ठेवायची गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर, गाणं लावायचं आणि स्वतः भिंतीच्या कडेकडेनं रांगत सुटायचं. जिथे स्वर स्वच्छ लागेल तिथे खडूची खूण. एका घरी आजीबाई बराच वेळ बघत होत्या. शेवटी न राहवून मला म्हणाल्या, ‘यांचं काही पडलंय का? मी बॅटरी आणू का?’

दुसरा प्रश्न असायचा वायरींचा. पेटीला एक वायर की दोन? मोनो की स्टिरिओ? तसं बघितलं तर जाडा स्वर कुठून येतो हे कानाला कळतच नाही, शिवाय बहुतेक गाण्यांत तो डावीकडे-उजवीकडे सारखाच भरलेला असतो. म्हणून पेटी एकच पुरते. पण भाऊ आम्हाला घोकून घ्यायचे, की मोनो म्हणजे दोन्ही बाजू एकत्र, एक बाजू गायब नव्हे. ॲम्प्लिफायरनंच दोन्ही बाजू एकत्र करून दिल्या असतील तर एक वायर बास. त्याला डावं-उजवं अशी दोन वेगळी तोंडं असतील तर दोन्ही वायरी लावा. इतकं साधं आहे हो हे. आणि इथेच माझ्या घोड्यानं पेंड खाल्ली.

दहा वर्षांपूर्वीची गोष्ट. एका निवृत्त शिक्षकांकडे मी संच बसवायला गेलो. त्यांची मुलगी बेस गिटार वाजवायची. जाड तारांची, खालच्या स्वरांची गिटार. ती आदल्या वर्षी आजारानं गेली होती. मैत्रिणीबरोबर तिनं घरीच एकदा ध्वनिमुद्रण केलं होतं. दोन माइक, डाव्या बाजूला मैत्रीण, उजव्या बाजूला ही. काकांच्या जुन्या छोट्या स्पीकरमधून हिचा स्वर निघत नव्हता, म्हणून त्यांनी ही पेटी घेतली. दुसरं काही त्यांना ऐकायचंच नव्हतं.

ॲम्प्लिफायरला दोन तोंडं होती. माझ्या पिशवीत लांब वायर एकच होती. म्हटलं, पेटी एक, वायर एक. डावीकडून डावीकडे लावली, दुकानातली तबकडी वाजवली, पेटी दणक्यात घुमली. मग काकांनी लेकीची तबकडी लावली. मैत्रिणीची गिटार आली, पण हिचं काहीच येईना. ते माझ्याकडे बघायला लागले. वायर आणायला दुकानात परत जावं लागलं असतं. मी उचलली जीभ लावली टाळ्याला. म्हणालो, ‘काका, ते मुद्रणातच आलेलं नसणार.’ बरं, असं म्हणून त्यांनी तबकडी काढून कपाटात ठेवली.

आपल्याकडे नियम आहे, ज्येष्ठानं घरी जाऊन स्वतःच्या कानांनी ऐकल्याशिवाय कामाच्या कागदावर सही करायची नाही. भाऊंनी तो एकदाच मोडला. त्या दिवशी वहिनी ऑपरेशन थिएटरमध्ये होत्या आणि मी कागद घेऊन दवाखान्यात गेलो. त्याही अवस्थेत भाऊंनी विचारलं, दोन्ही बाजू ऐकल्यास का. मी हो म्हणालो. त्यांनी भिंतीला कागद टेकवून सही केली.

आठ महिन्यांनी संचाचं बटण खरखरतं म्हणून भाऊ त्या घरी गेले. त्यांनी पेटी पुढे ओढली, मागे एकच वायर बघितली, दुसरी लावली आणि काकांना म्हणाले, तुमच्या आवडीचं काही लावा. काका म्हणाले, आवडीचं एकच आहे, पण त्यात ती नाही. तरी लावलं. भाऊंनी मला हे एकदाच सांगितलं. काकांनी म्हणे पेटीवर दोन्ही हात ठेवले आणि म्हणाले, ‘आठ महिने ही इथेच होती, आणि मीच तिला कपाटात कोंडून ठेवलं.’

भाऊंनी चूक दुकानाच्या वहीत नोंदवली, नियमच आहे. साहेब, तुम्ही आम्हा दोघांना आत बोलावलंत. मी तेव्हा कायम झालो नव्हतो. भाऊ म्हणाले, ‘मी सांगितलं तशी यानं वायर लावली. ऐकून सही मी केली.’ तुम्ही मला विचारलंत, खरं का? मी मान डोलावली. मूग गिळून बसणं तरी बरं, मी तर चक्क मान डोलावली.

त्यानंतर भाऊंना कुणाच्या घरी पाठवलं नाही. मागच्या खोलीतलं दुरुस्तीचं टेबल त्यांना मिळालं आणि त्यांची हत्यारांची पिशवी, पुढे त्यांची जागाही, मला. माणसांच्या घरात रांगणारा हा माणूस नऊ वर्षं एका भिंतीकडे तोंड करून बसला. मी रोज त्या दारावरून जायचो. भाऊ हाक मारायचे, चहा घेतलास का रे? काका दोन वर्षांनी वारले. त्यांच्याकडेही मी कधी गेलो नाही. लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा भीती जास्त होती.

गेल्या आठवड्यात भाऊंना म्हटलं, मी सांगून टाकणार. ते म्हणाले, ‘आता कशाला? म्हातारा गेला, माझा कान गेला. उगाच तुझी खुर्ची जाईल.’ भाऊ, जाऊ दे. तशी ती तुमचीच आहे.

अध्यक्ष महाराज, आता तुमच्या हस्ते मानपत्र दिलं जाईल. त्याचा मजकूर मीच लिहिला आहे. त्यात एक ओळ आहे, ‘अखेरची नऊ वर्षे त्यांनी स्वेच्छेने दुरुस्ती विभागात सेवा केली.’ ती ओळ खोटी आहे. हे पेन घ्या. आधी ती खोडा, आणि मगच ते भाऊंच्या हातात द्या.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. भाषणात अधिक-उणं झालं असेल तर पोटात घाला, असं शेवटी म्हणायची रीत आहे. भाषणाचं काही नाही हो. वहिनी, भाऊ, त्या दिवशी दवाखान्यात मी ‘हो’ म्हणालो. तेवढं माफ करा.