बाबांच्या नावाने आलेलं उत्तर

आजोबा : आता कल्पना कर, तू एक छोटासा प्रोग्रॅम आहेस. तुला एक फाइल वाचायचीय, पण डिस्कला हात लावायची तुला मनाई. मग काय करशील?

नात : निरोप पाठवीन.

आजोबा : शाब्बास! कोणाकडे देशील?

नात : कर्नेलकडे, म्हणजे कॉम्प्युटरच्या मुख्य कारभाऱ्याकडे. तो फाइली सांभाळणाऱ्या फाइलवाल्याला पोचवणार आणि उत्तर आणून देणार. तोवर मी गप्प थांबून राहायचं.

आजोबा : यालाच सिस्टिम कॉल म्हणतात. कालचं सगळं लक्षात आहे की ठकूच्या!

नात : पण आजोबा, कर्नेलने निरोप पोचवलाच नाही तर?

आजोबा : पत्ता चुकला, परवानगी नसली, तर तो तसं कळवतो. ‘जमलं नाही’ म्हणतो.

नात : स्वतःच्या नावाने?

आजोबा : अर्थात! उत्तर कोणाकडून आलं, याचा शिक्का तोच मारतो. त्या शिक्क्यावर भरवसा नसेल, तर सगळा कारभारच आटोपला.

नात : आणि फाइलवाल्याला न विचारताच, त्याच्या नावाने ‘नाही’ सांगितलं तर?

आजोबा : असं कुठे असतं का, वेडाबाई! प्रोग्रॅमला कळणारच नाही. बिचारा खरं मानून बसेल.

नात : बसलेच होते मी. अकरा दिवस.

आजोबा : कसले अकरा दिवस?

नात : मला वसतिगृहाच्या शाळेत जायचं नाही, असं बाबांना सांगा म्हटलं होतं. तुम्ही म्हणालात, ‘तू मध्ये पडू नकोस, तो चिडेल, मी बघतो.’ मग संध्याकाळी येऊन म्हणालात, ‘बाबा नाही म्हणतोय.’

आजोबा : हो... म्हणजे...

नात : आज सकाळी माझी वेणी घालताना बाबा म्हणाले, ‘जायचं ठरल्यापासून एकदासुद्धा कुरकुर केली नाहीस गं तू.’ आजोबा, तुम्ही विचारलंच नव्हतं ना?

आजोबा : नव्हतं विचारलं.

नात : का?

आजोबा : तिथे चांगले शिक्षक आहेत, प्रयोगशाळा आहे. माझं सगळं जुनं झालंय, ठकू. इथे राहून माझ्याकडून तू किती शिकणार?

नात : मग तसं म्हणायचं! ‘मला वाटतं तू जावंस’ म्हणायचं. मी तुमच्याशी भांडले असते. मी बाबांशी मनातल्या मनात कट्टी करून बसले, आणि त्यांना बिचाऱ्यांना पत्ताच नाही.

आजोबा : चुकलो गं. थांब, आत्ता जाऊन सांगतो त्याला.

नात : नको.

आजोबा : अगं, उद्या निघायचंय तुम्हाला!

नात : म्हणूनच नको.

(नात उठते आणि शेजारच्या खोलीचं दार ढकलते.)

नात : बाबा, ती बॅग जरा खाली ठेवता?

बाबा : का गं? काही भरायचं राहिलं?

नात : नाही. सांगायचं राहिलंय.