दिग्रसवालीचं नाव

तुमी हसा, पण आमच्या आईनं नागपुरात मैदान मारलं बरं!

वंशावळ शोधाची एक सहल निघते, गाईड सोबत असते. त्यात आमी घरचे सारे नागपूरच्या जुन्या दप्तरखान्यात गेलतो. गाईड मॅडमनं कागदावर झाड काढलं. बोरी अरबचे पणजोबा, त्याईचे वडील, सारे सापडले. मंग मॅडम म्हणे, "पणजीचं नाव?"

बाबा म्हणे, "दिग्रसवाली."

"अहो, ते माहेर झालं. नाव सांगा."

कोणालेच माहीत नाही! आमच्याकडे सुनेले माहेरच्या गावानंच हाका मारतात ना. मॅडमनं बोरीचे सारे कागद पालथे घातले, पण पणजी कुठंच नाही. मॅडम ती जागा कोरी सोडून उठल्या, तं आई म्हणे, "सासरी कायले शोधून राह्यल्या? तिचे माहेरचे राऊत, दिग्रसले पाहा ना. तिथं तं तिले कोणी दिग्रसवाली म्हणत नसन!"

मॅडम थांबल्याच. दिग्रसचे कागद निघाले. राऊतांच्या पानावर, साऱ्या भावांच्या शेवटी लिहलं होतं, 'मुलगी गिरजा, बोरीस दिली.' आईनं भर दप्तरखान्यात टाळ्या पिटल्या. शिपाई धावत आला!

मॅडमनं हसत गिरजाबाई लिहलं अन् कागदावरच्या झाडात खाली सरकत आमच्या घरापाशी आल्या. आईकडे बोट करून बाबाले म्हणे, "आणि यांचं नाव?"

बाबा सवयीनं बोलले, "राजूरवाली."

आईनं मॅडमच्या हातातला पेन घेतला अन् सोताच 'शकुंतला' लिहलं. एवढं ऐसपैस लिहलं, का बाबाचं नाव मॅडमले कोपऱ्यात कोंबा लागलं.