मोठ्या मामांचा मान आणि अडकलेलं लाइव्ह

"शकु, कुणाला पटणार नाही, पण आमच्या घरच्या आख्ख्या लग्नाचं फोनवरचं लाइव्ह मी एकट्याने सुरळीत केलंय."

मुलुंडला दातांच्या डॉक्टरकडे नंबरची वाट बघत नाना शेजारणीला सांगत होते.

"काय सांगता, नाना! आमच्या मनालीच्या साखरपुड्यात अंगठी घालताना नेमकं चित्र थांबलं. माझी आई नाहूरला पाय मोडून पडलीय, फोनवरच बघत होती, रडलीच ती. रविवारी लग्न आहे."

"सगळे एकाच फोनकडून चित्र ओढतात ना, म्हणून. माझ्या भाच्याच्या ॲपमध्ये एकाने घ्यायचं आणि पुढच्या दोघांना द्यायचं."

"मग तुमचं कुठेच अडलं नाही?"

"सुरुवातीला अडलं ना, मानापायी! यादीत पहिले मोठे मामा. त्यांचा फोन म्हणजे बैलगाडी. मामा थांबले की मागचे दोनशे नातेवाईक थांबले."

"अगंबाई! मग?"

"मामांना शेवटी टाकलं, पोरांचे दमदार फोन पुढे घेतले. मामा वर्षभर बोलले नाहीत, पण लग्न धावलं."

"म्हणजे आईचाही फोन जुनाच, तिला शेवटी ठेवू?"

"ठेव. आणि तिला दोघांकडून घेऊ दे. एक अडला तर दुसरा देतो."

"हे झकास. पण उशिरा दिसतं ना?"

"आधी चाळीस सेकंद मागे होतं, मी पाचावर आणलं. मग अजून जरा यादी हलवली, तर मंडपात नवऱ्याच्या गळ्यात हार पडायच्या आधी फोनवर पडला!"

"थाप! नाना, ही चक्क थाप! आईला मी शेवटी ठेवते, पण हार आधी दिसला असता, तर नवरा पळून नसता का गेला?"